लहान शिकार: जतच्या माळावरचा एक दिवस

(काळा पडदा. लांबवर टिटवी. मग पहाटेचा माळ, कॅमेरा एका जागी.)

हा शॉट जरा नीट बघून ठेवा. वाळलेली कुसळी, मधे हेंकळीची दोन झुडपं, पाठीमागं एक पवनचक्की आणि उजव्या कोपऱ्यात तात्यांची काठी. वीस सेकंदांचा आहे. याच्याकडं आपण परत येणार आहोत.

(दगडी बांध, मेंढरांची वाट, उजाडतंय.)

तालुका जत, जिल्हा सांगली. डिसेंबर महिना, सकाळचे सव्वासहा. सांगली म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊस आठवतो, हळद आठवते, कृष्णेचा पूर आठवतो. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला चांदोलीचं जंगल आहे, पावसाळ्यात तिथं पायांना जळवा लागतात. इथं पूर्वेला पोचेपर्यंत ढगांची झोळी रिकामी झालेली असते. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही आला तर आला. हे वाळवंट नव्हे. हा माळ. मुरूम, गवत, काटा. तरवड, बोराटी, हेंकळ, मधूनच एखादा हिवर. सातबाऱ्यावर यातल्या कितीतरी जमिनीपुढं एकच शब्द असतो: पडीक.

शिकारीवर फिल्म करतोय म्हटल्यावर ज्यानं त्यानं एकच विचारलं, मारणार काय? काही नाही. या फिल्ममध्ये एकही जनावर मरत नाही. तात्यांच्या हातात काठी आहे, आमच्या खांद्यावर कॅमेरा आणि पिशवीत भाकरी.

तात्या सत्तरीच्या पुढचे. आडनाव आणि गाव सांगायचं नाही, या अटीवरच ते आमच्याबरोबर आले. मेंढरं राखण्यात हयात गेली. पंचवीस वर्षं शिकार केली, आणि सोडूनही आता तितकीच वर्षं उलटली. का सोडली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कुत्री मेली. पुना पाळली न्हाईत." एवढंच.

(जमिनीलगत कॅमेरा. लेंड्या, कुरतडलेलं ताट.)

पहिला अर्धा तास तात्या वर बघतच नाहीत. काठीनं गवत बाजूला सारतात, वाकतात, पुढं जातात. सशाच्या लेंड्या गोल पण जरा चपट्या, हातात चुरल्या तर आत नुसता गवताचा भुसा. ओल्या असल्या तर कालच्या रात्रीच्या. बांधाच्या कडेला कोवळ्या शाळूची ताटं तिरकी तुटलेली आहेत, चाकूनं कापावीत तशी साफ. "मेंढरू वरबाडून खातंय. ससा छाटतोय." हे सांगताना तात्या आमच्याकडं बघत नाहीत, ताटाकडं बघतात.

ससा बीळ करत नाही. आपल्या गोष्टीतला ससा बिळात राहतो, तो गोष्टीतला. माळावरचा ससा गवतात पोटाच्या मापाचा खळगा करून बसतो आणि दिवस तिथंच काढतो. थंडीत उन्हाच्या अंगाला, वाऱ्याकडं आड धरून. त्याची पिल्लं जन्मतात तीच अंगभर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवून, कारण त्यांना लपायला घर नाही. मानेवर काळा डाग, बाकी सगळा मातीच्या रंगाचा. आणि त्याची खरी हुशारी पळण्यात नाही, न पळण्यात आहे. माणूस दोन पावलांवर आला तरी तो हलत नाही. डोळे दोन बाजूंना असल्यामुळं मागचंही त्याला दिसत असतं. आपण थांबलो, की मात्र उठतो. चालणाऱ्याला तो भीत नाही, थांबणाऱ्याला भितो.

"म्हणून शिकाऱ्यानं थांबायचं न्हाई," तात्या म्हणाले. "बघितलास तरी बघितला न्हाई असं करून पुढं जायाचं. मग वळसा घालून माघारी."

रात्री चरून परतताना ससा सरळ जागेवर येत नाही म्हणे. आपल्याच मागावरून थोडा उलटा जातो, मग एक लांब उडी आडवी मारतो आणि तिथं बसतो. कुत्रं वासावर येतं ते माग संपतो तिथं येऊन गरागरा फिरतं. तात्यांनी काठीनं मुरमावर ती आकृती काढून दाखवली. जाणं, येणं, उडी. शाळेच्या फळ्यावर काढल्यासारखी.

(जुना फोटो: दोन सडपातळ कुत्री, बाजूला धोतरातला तरुण.)

ही ती कुत्री. कारवान. लांबट तोंड, खोल छाती, पोट पाठीला गेलेलं. न ओळखणाऱ्याला वाटतं, उपाशी ठेवलंय. जत, सोलापूरची बाजू, पलीकडं विजापूर-मुधोळ, हा सगळा पट्टा या कुत्र्यांचा. मुधोळच्या नावानं ती जास्त ओळखली जातात. 2005 साली भारतीय टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंडचं एक होतं. हे वासाचं कुत्रं नव्हे, नजरेचं. ससा उठलेला दिसला की सुटतं, आणि नजरेआड झाला की मालकाकडं तोंड करून उभं राहतं.

एका कुत्र्यानं ससा सहसा मिळत नाही. कुत्र्याचा वेग सरळ रेषेत, सशाचा वळणावर. अगदी तोंडाशी आला की ससा काटकोनात वळतो आणि कुत्रं आपल्याच जोरानं दहा हात पुढं घसरत जातं. म्हणून जोडी लागते. एक मागं, एक बाजूनं आडवं. त्यातही ससा चढाला लागला की संपलं, कारण मागचे पाय लांब, चढ त्याच्या फायद्याचा. हाकारे घालणारे म्हणून वरच्या अंगाला उभे राहायचे, त्याला उताराला लावायला. आणि तेही चुकलं तर खोकडाचं बीळ गाठायचा. स्वतः बीळ करत नसला तरी दुसऱ्याचं वापरायला त्याला कमीपणा वाटत नाही.

तात्या हे सांगत असताना त्यांचे दोन्ही हात दोन कुत्री झाले होते. कॅमेरामननं ते हातच टिपले, ते बरं केलं.

(नऊ वाजलेत. ऊन. झुडपांतून तित्तराची हाक.)

ऐका. हा तित्तराचा नर. एकानं सुरू केलं की बांधापलीकडून दुसरा उत्तर देतो. ही गप्पा मारायची रीत नव्हे, हद्दीचं भांडण आहे. आणि याच भांडणावर फासेपारध्यांची अख्खी विद्या उभी होती. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास, बारीक काड्यांना बांधून ओळीनं रोवलेले. मधे पिंजऱ्यात पाळलेला तित्तर. तो ओरडला की रानातला नर चिडून चालत येतो, अंगावर धावून जातो आणि पाय फासात अडकतो. बंदूक नाही, आवाज नाही. दुसरी रीत गाईची. शिकवलेली गाय चरत चरत पुढं जायची आणि माणूस तिच्या आडोशानं. पाखराला चार पायांच्या जागी सहा दिसत असणार, पण पाखरू मोजत नाही.

आम्ही पारध्यांच्या पालावर कॅमेरा घेऊन गेलो नाही. आधीच त्यांच्याकडं पुष्कळ जण पुष्कळ कारणांनी जातात. इंग्रजांनी 1871 साली केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा पुढं मुंबई इलाख्यातही आला आणि माणसाच्या जन्मावरच गुन्ह्याचा शिक्का बसला. 1952 साली तो रद्द झाला. गावात चोरी झाली की पहिली गाडी अजून कुठं जाते, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

(पाझर तलाव, तळाशी थोडं पाणी. आकाशात एक छोटा थवा.)

पखुर्ड्या. कबुतराएवढ्या, मुरमाच्या रंगाच्या. दिवसभर कोरडं बी खातात, त्यामुळं पाण्यावर यावंच लागतं, आणि वेळ ठरलेली असते. ऊन वर आलं की येणार. पंधरा मिनिटं पाणी, की गेल्या. तात्यांच्या तरुणपणी बंदूकवाले साहेब याच वेळेला याच बांधाआड बसायचे. यांचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि तेवढं ओलं अंग घेऊन पिल्लांकडं उडत जातो. पिल्लं ती पिसं चोखतात. तात्यांना हे माहीत नव्हतं. ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे एक पाडला की मागं चार तहानेनं."

(हिवराची सावली. भाकरी, ठेचा, कांदा.)

दुपार. जनावर बसतं तशी आम्हीही बसलो.

आता कायद्याचं थोडं, कारण या फिल्मचं नाव तिथलंच आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यानं सगळी शिकार बंद केली नव्हती. प्राण्यांची परिशिष्टं होती, आणि चौथ्या परिशिष्टाचं नावच मुळी ‘लहान शिकार’. परवाना काढा, ठरल्या दिवसांत ठरलेलं मारा. 1991 च्या दुरुस्तीनं हे परवाने संपले. आज ससा मारणं, तित्तर पकडणं हा गुन्हा आहे. घोरपड तर पहिल्याच परिशिष्टात आहे. हौस म्हणून, कालवणाला म्हणून, यात्रेची रीत म्हणून, यातलं कुठलंच कारण चालत नाही.

मधली ती एकोणीस वर्षं मला विचित्र वाटतात. शिकार कागदावर चालू होती, पण कागद काढायला कचेरीत जावं लागत होतं. कचेरीत साहेब जातो. फासवाला जात नाही, त्याला कचेरीत फक्त नेलं जातं. तात्यांनी परवाना काढला होता का? "कसला परवाना?" ते हसले. पंचवीस वर्षांची त्यांची सगळी शिकार, त्यातली 1972 नंतरची तरी, बेकायदाच होती. त्यांना रोमँटिक करायचा मोह आम्हाला झाला होता, तो इथं आवरतो. आणखी एक: गाभण मादी सोडत होतात का, असं विचारल्यावर ते खोटं बोलले नाहीत. "पळताना कुठं कळतंय?"

(ग्लिरिसिडियाची रांग. पुढं द्राक्षबाग, तारेचं कुंपण. ड्रोन शॉट.)

दुपारनंतर मुद्दाम उत्तरेला चाललो. तात्यांच्या नकाशात इथं ‘सशाची पट्टी’ होती. आता अर्धी पट्टी द्राक्षबागेत गेली आहे. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून या बाजूला आणलं, आणि ते वाईट झालं असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. छावणीत जनावरं बांधून ज्यानं उन्हाळे काढले, त्याच्यापुढं उभं राहून ससा वाचवा म्हणायला तोंड लागतं.

पण उरलेल्या पट्टीचं काय झालं, ते बघा. खड्डे काढून झाडं लावली आहेत. माळ दिसला की उजाड दिसतो, उजाड दिसला की हिरवा करायचा. गवतावर जगणाऱ्या जनावराला झाडाची सावली नको असते. सशाला आडोसा हवा तो गुडघ्याएवढा. लाव्यांना त्याहून कमी. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारी भोवत्या घार रात्री झाडावर झोपत नाही, उघड्या गवतात जमिनीवर झोपते. कायद्यानं बंदूक थांबवली. गवत मात्र अजून कुणाच्याच खात्यात नाही.

(लाव्यांचा थवा फर्रर्र उडतो, कॅमेरा हलतो.)

हा हललेला शॉट ठेवला आहे. पायाखालून लावे उठले आणि आमचा कॅमेरामन मागं पडला. तात्या इतके हसले की काठीवर टेकले.

(संधिप्रकाश. गार वारा. लांबवर मोटारसायकल.)

साडेसहा. ससे आता उठतात. बांधावर बसून आम्हाला दोन दिसले, दोन्ही लांब, काळपट ठिपके. पडद्यावर काही कळणार नाही, म्हणून ते दृश्य घेतलेलं नाही.

नंतर हा आवाज. एक गाडी, त्यावर दोन पोरं, मागच्याच्या हातात मोठी बॅटरी. झोत सशाच्या डोळ्यांवर पडला की तो जागच्या जागी थिजतो. मग काठीनंही होतं. माग नको, वारा नको, कुत्रं नको. आम्ही उठून हाक मारली, तशी बॅटरी विझली आणि गाडी डांबरीकडं गेली. तात्यांनी एक शिवी दिली, ती कापली आहे. पुढं जे म्हणाले ते मात्र ठेवलं आहे. "आरं, त्याला पळायला तरी द्या."

(लॅपटॉपचा उजेड. ओसरीवर तिघं-चौघं वाकून बघतायत.)

रात्री तात्यांच्या ओसरीवर दिवसभराचं चित्रीकरण लावलं. त्यांनी स्वतःला कधी पडद्यावर पाहिलं नव्हतं. पहिलाच शॉट लागला, सकाळचा. कुसळी, हेंकळ, पवनचक्की, काठी. आम्ही पुढं सरकवणार इतक्यात त्यांनी हात धरला.

"थांब पोरा. माघारी घे."

(पहिला शॉट पुन्हा. तोच, वीस सेकंद.)

डावीकडच्या हेंकळीच्या बुडाशी बघा. दगडासारखं दिसतं ते. बाराव्या सेकंदाला वारा येतो, गवत सगळं हलतं. दगडाचा डावा कानही हलतो.

कॅमेऱ्याचा स्टँड तिथून आठ पावलांवर होता.

"तुमाला सकाळी दिसला होता?" आम्ही विचारलं.

"व्हय की."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी थांबला असता," तात्या म्हणाले.