लघवीतल्या जंतूंचं गोत्र

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं कपाशीचं शेत. वेचणी चालू आहे.)

सकाळी वेचणीला गेलेली बाई घरी परतते ती दिवस मावळताना. शेतात आडोसा नसतो, म्हणून ती पाणी बेतानंच पिते आणि लघवी दाबून ठेवते. मग कधीतरी आशाताईला हळूच सांगते, "ताई, लघवीले लय आग होऊन राह्यली." तोवर उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी पिऊन झालेलं असतं. मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन गोळ्याही घेऊन झालेल्या असतात. आग थांबली की गोळ्याही थांबतात. पुढे त्रास परत उपटतो, आणि या खेपेला तीच गोळी लागू पडत नाही.

पहिल्या खेपेचा जंतू आणि हा जंतू एकच का? की हा कुठून दुसराच आला?

(दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या बशीत वाढलेले जंतू.)

लघवीच्या साध्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय. १८८५ साली थिओडोर एशेरिक यांनी तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून तो पहिल्यांदा वेगळा केला. एरवी तो आपल्याच आतड्यात निमूट राहतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे तिथून मूत्राशयापर्यंतची त्याची वाट सोपी असते.

कल्चर या तपासणीत लघवीतले जंतू बशीत वाढवून त्यांच्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ पडलं तर औषध चालतं. जंतू चकतीला भिडले तर चालत नाही. रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' किंवा 'रेझिस्टंट' असं लिहून येतं. औषध निवडायला एवढं पुरतं, पण जंतूंचं नातं त्यावरून ठरत नाही. त्यासाठी जनुकं वाचावी लागतात. आधी ठरावीक सात जनुकांवरून वंश ठरवत. आता जंतूचा अख्खा जनुकसंच, म्हणजे डीएनएची सुमारे ५० लाख अक्षरं, वाचता येतो. त्यात वर्षाला साधारण एखाद-दुसरंच अक्षर बदलतं. म्हणून दोन जंतूंमध्ये मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला, तर त्यांचा पूर्वज अगदी अलीकडचा असतो.

असं नातं तपासताना २००१ साली अमेरिकेत एक गोष्ट ध्यानात आली. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठातल्या तरुणींच्या लघवीत को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकला दाद न देणारे जे ई. कोलाय सापडले, त्यांतले जवळपास निम्मे एकाच वंशाचे होते. त्या मुलींचा एकमेकींशी संबंध नव्हता. २००८ मध्ये 'एसटी १३१' नावाचा वंश अनेक देशांत एकदमच ओळखला गेला. या एकाच वंशात दोन्ही तऱ्हेचे जंतू आहेत. त्याच्या काही शाखा बहुतेक औषधांना दाद देतात, एक शाखा मात्र सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला जुमानत नाही. औषध चालणारे आणि न चालणारे असे जंतू चुलत भाऊ निघतात.

इथे दोन वाटा वेगळ्या करून पाहायला हव्यात. सिप्रोफ्लॉक्सासिनचा प्रतिकार बहुतेक वेळा जंतूच्या स्वतःच्या जनुकांतल्या एक-दोन अक्षरांच्या बदलातून येतो आणि आई-जंतूकडून लेक-जंतूकडे जातो. म्हणून तिथे वंश पाहिला की बरंच कळतं. सेफॅलोस्पोरिन गटाची औषधं मोडून टाकणाऱ्या विकराचं जनुक मात्र अनेकदा प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. शेजारणीला विरजण दिलं तरी आपलं दही राहतंच, तसं जंतू ते दुसऱ्याला देतो आणि स्वतःकडेही ठेवतो. घेणारा नात्यातलाच असावा असंही नाही. त्यामुळे कालपर्यंत औषधाला दाद देणारा जंतू, बाकी सगळं तेच राहूनही, आज दाद देईनासा होऊ शकतो.

ही देवघेव बरीचशी आतड्यातच होते. तिथे तापासाठी, सर्दीसाठी घेतलेली प्रत्येक अँटिबायोटिकची गोळी पोचते, दाद देणारे जंतू मारते आणि उरलेल्यांना जागा करून देते. एका घरातल्या माणसांमध्ये ई. कोलायचा एकच वंश सापडल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा जंतू बाईच्या शरीरातच बदलला की घरादारातून आला, हे जनुकं वाचूनच सांगता येतं. गोळ्या मध्येच थांबवल्या म्हणून तिलाच दोष देणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्राचा दरवाजा. नमुन्याच्या बाटल्या.)

प्रत्येक गावाला जनुकवाचन मिळणार नाही, त्याची गरजही नाही. पण त्रास वारंवार होणाऱ्या बाईची, आणि प्रत्येक गरोदर बाईची, लघवी गोळी सुरू करण्याआधी कल्चरला गेलीच पाहिजे. अडचण अंतराची आहे. नमुना बाहेर राहिला तर दोन तासांतच जंतूंची संख्या वाढू लागते आणि रिपोर्ट फसवा ठरतो. थंड ठेवला तर २४ तास टिकतो. क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने गावातून तपासणी केंद्रापर्यंत नेण्याची सोय आपण उभी केली आहे. त्याच गाडीत बर्फाची एक पेटी आणि लघवीच्या बाटल्या ठेवायला काय हरकत आहे? त्यातले दाद न देणारे जंतू प्रयोगशाळेनं गोठवून जपले, तर पुढे कुणीतरी त्यांचं नातं शोधू शकेल. विदर्भातल्या खेड्यांत कोणते वंश फिरताहेत, हे तेव्हा इथल्याच नमुन्यांवरून कळेल.