दुपारच्या सुट्टीतलं लग्न

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात आमच्या भाचीचं लग्न झालं. मुहूर्त दुपारी बारा वाजून दहा मिनिटांचा, आणि तो कुठल्या गुरुजींनी काढलेला नव्हता. आमच्या वस्तीतलं वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. मधले सहा तास कुलूप. त्या कुलपाच्या वेळात काय ते लग्न उरका, असं समितीनं सांगितलं. सकाळचे पेपरवाले वाचक उठणार अकराला, टेबलं-खुर्च्या सरकवायला तासभर, म्हणून बारा-दहा. त्या वेळी राहुकाळ नाही, एवढं पंचांगात पाहून ताईनं, म्हणजे नवरीच्या आईनं, मान हलवली.

वाचनालय शंभरी ओलांडलेलं आहे. उंच छत, सागवानी कपाटं, मधोमध लांबच लांब टेबल. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर उद्या समितीच्या टेबलावर पन्नास अर्ज येऊन पडतील आणि सचिव माझ्याशी बोलणं सोडतील.

तुम्ही म्हणाल, नागपुरात वर्धा रोडला लग्नाची एवढी लॉन्स असताना हे कुठलं खूळ? तर भाची आणि तिचा नवरा, दोघंही त्याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत परीक्षांचा अभ्यास करत. ओळख तिथलीच. समितीत मात्र एका ज्येष्ठांनी विचारलं, "असं कुठं होते का हो, वाचनालयात लग्न?" भाचीनं मोबाईलवर बॉस्टनचं सार्वजनिक वाचनालय दाखवलं. १८९५ साली उघडलेली दगडी इमारत, आत कमानदार छताचं भव्य दालन. तिथं भाडं भरून लग्नं लागतात. दारावर मात्र 'सर्वांसाठी मोफत' अशा अर्थाची अक्षरं कोरलेली आहेत. ज्येष्ठ हसले. आमच्या समितीनं भाडं मागितलं नाही. जुन्या मासिकांच्या बांधणीचा खर्च तेवढा दोन्ही घरांनी उचलावा, असं ठरलं.

खरी परीक्षा घेतली ती ग्रंथपालांनी. अटी तोंडीच सांगितल्या. होम नाही, समई नाही, उदबत्तीसुद्धा नाही. हळद दाराबाहेर. आणि अक्षता? "तांदळाचा एक दाणा आत नाही पाहिजे. दाण्यामागं उंदीर येते, अन् उंदीर काय पुस्तक वाचाले येते का?" ताईला राग आला होता. मला मात्र त्यांचं पटत होतं. १८५० नंतर हळूहळू लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यात आम्ल राहतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि कडेनं पापडासारखा मोडतो. त्याआधीचा चिंध्यांचा कागद तुलनेनं धडधाकट. त्यात आपलं नागपूर! मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर, जुलैत भिंतींना ओल. वाळवी आणि कसर टपलेलीच. हा माणूस तीस वर्षं कडुनिंबाचा पाला अन् डांबराच्या गोळ्या घालत त्या कपाटांची राखण करतोय. त्यानं मूठभर तांदळासाठी हार का मानावी?

मग अक्षतांऐवजी काय? फुलांच्या पाकळ्यांनी डाग पडतात. शेवटी टाळ्या ठरल्या. नुसत्या टाळ्या.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं, १९५४ च्या. पुष्कळांना वाटतं, त्यासाठी विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतच जावं लागतं. तसं नाही. तीस दिवस आधी नोटीस द्यायची, आणि जास्तीची फी भरली तर अधिकारी वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही येऊ शकतात. विधी कुठलाही करा, कायद्याला हवेत तीन साक्षीदार आणि दोघांनी एकमेकांना समजेल अशा भाषेत म्हणायचं एक वाक्य, की मी तुला माझी किंवा माझा कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकारतो. भाचीनं ते मराठीत म्हटलं, जावयानं हिंदीत.

हिंदीत, कारण मुलगा जबलपूरचा. इथं मला जरा थांबू द्या. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हापासून नागपूर त्याची राजधानी, आणि जबलपूर त्याच प्रांतातलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात आलं, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं, आणि १९३६ पासून नागपुरात असलेलं हायकोर्ट तिकडे जबलपूरला गेलं. आपल्याकडे पुढं मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं खरं, पण जुने नागपूरकर ती गोष्ट काल घडल्यासारखी सांगतात. त्या जुन्या प्रांताच्या खुणा आमच्या वाचनालयात आहेत. एका कपाटात मराठी, शेजारी हिंदी, वरच्या फळीवर इंग्रजी गॅझेटियर. व्याही त्याच कपाटापुढे उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत. मग आमच्या भाऊजींनी, म्हणजे नवरीच्या वडिलांनी, टोमणा मारलाच. "हायकोर्ट तर नेलंच तुम्ही, आता पोरगीही घेऊन चालले?" व्याही कपाटावरची नजर न काढता म्हणाले, "हायकोर्ट के बदले लडका दे रहे हैं. रहेगा नागपूर में ही." भाऊजी गप्प. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

अंतरपाट घरी विसरला होता. ग्रंथपालांनी न बोलता कपाटातून जुने खंड गुंडाळायचं तांबडं कापड काढलं, कोरं. मंगलाष्टकांचा हट्ट ताईनं सोडला नव्हता, पण मागच्या भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी. मामी बिचारी शार्दूलविक्रीडित दबक्या आवाजात म्हणू लागली. 'सावधान'ला मात्र तिचा आवाज चढला आणि सगळ्यांनी एकदम पाटीकडे पाहिलं. प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या डोक्यावर ती पाटी आहे.

जेवण शेजारच्या शाळेच्या पटांगणात. वडाभात, पाटवडी रस्सा, सांबारवडी. जबलपूरकर डोशाबरोबरचं सांबार शोधत होते. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे सांगेपर्यंत वड्यांचं ताट रिकामं झालं.

आहेर म्हणून पुस्तक आणा, असं पत्रिकेत छापलं होतं. त्यात एकाच कादंबरीच्या सात प्रती निघाल्या. दोन ग्रंथपालांनी ठेवून घेतल्या आणि तिथल्या तिथं दाखल क्रमांक टाकला. उरलेल्या पाच भाचीच्या घरी आहेत, कोणाला हव्या असतील तर सांगा.

पावणेपाच झाले. खुर्च्या जागच्या जागी लागत होत्या. नवरी दमून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, शालू गोळा करून. दारातून एक आजोबा आत आले. रोजचे संध्याकाळचे वाचक, काखेत छत्री, हातात चष्म्याचं घर. घड्याळात पाच व्हायला वेळ होता, पण दार उघडं दिसलं. त्यांनी हारांकडे, फोटोवाल्याकडे पाहिलं. मग नवरीपुढे येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "ही खुर्ची माझी आहे."

ती उठली. त्यांनी छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवली, बसले, आणि म्हणाले, "आजचा पेपर कुठं ठेवला?"