डिग्रीवाले थांबतात कशासाठी

भारतात २०२२ मध्ये ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत बेकारी होती ३.४ टक्के, आणि ग्रॅज्युएट तरुणांत २९.१. उलटं वाटतं ना? पण ज्याचं रोज कमवल्याशिवाय भागत नाही तो मिळेल ते काम धरतो, डिग्रीवाला थांबतो, कारण घरच्यांनी शिक्षणावर पैसा घातलेला असतो आणि हलकं काम एकदा धरलं की तिथेच अडकू ही भीती पण असते.

हे थांबणं कधीकधी सरकारच वाढवतं. इजिप्तने १९६० च्या दशकात प्रत्येक ग्रॅज्युएटला सरकारी नोकरीची हमी दिली, ऐकायला भारी, पण पदवीधर वाढत गेले, सरकारी ऑफिसं फुगली तरी माणसं मावेनात, आणि पुढे नंबर लागायला दहा-दहा वर्षं जायला लागली.

मग दुसरा उपाय, कंपनीलाच पैसे द्या. जॉर्डनमध्ये २०१० च्या सुमारास कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींना व्हाउचर दिली, जी कंपनी कामावर घेईल तिला सहा महिने दरमहा १५० दिनार, म्हणजे तिथला तेव्हाचा अख्खा किमान पगारच. मुली भराभर कामाला लागल्या. व्हाउचर संपली आणि फरकही संपला. तिसरा उपाय, धंदाच शिकवा: ट्युनिशियात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रबंधाच्या जागी बिझनेस प्लॅन लिहायची सोय केली, स्वतःचा धंदा करणारे थोडे वाढले, एकूण कामाला लागलेले मात्र जवळपास तेवढेच.

आता इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा बघा. तिथे शिकलेल्या तरुणांसाठी एक छोटं वर्कशॉप घेतलं, सीव्ही कसा लिहायचा, इंटरव्ह्यूत काय बोलायचं, आणि टेस्ट घेऊन कशात किती येतं त्याचं सर्टिफिकेट. दुसऱ्या गटाला नोकरी शोधायला बसभाडं दिलं. सुरुवातीला दोन्हीचा उपयोग झाला, पण चार वर्षांनी वर्कशॉपवाल्यांची कमाई जास्त दिसली, बसभाड्याचा फायदा विरून गेला होता. मला यात नवल वाटत नाही, नुसती डिग्री बघून समोरच्याला नक्की काय येतं हे कंपनीला कळणार कसं?

पण यात एक मेख आहे. वर्कशॉपने रांगेत पुढे कोण ते बदलतं, जागा आपोआप वाढत नाहीत. जागा वाढायच्या तर छोट्या कंपन्यांना वेळेत कर्ज, भरवशाची वीज आणि बाहेरचं मार्केट मिळायला पाहिजे, आणि सरकारी पगार बाहेरच्यापेक्षा एवढा वर असेल तर लोक परीक्षा देतच बसणार. हे सगळं अर्थ, ऊर्जा, उद्योग खात्यांच्या हातात, तरी बेकारीवर मीटिंग लागली की पहिलं बोलावणं जातं कॉलेजांनाच.