लेन्सवरची धूळ आणि कायद्यातला कारागीर

(नौपाडा, ठाणे. दुरुस्तीच्या दुकानातलं टेबल, त्यावर झाकण काढलेला सीडी प्लेअर.)

डिस्क आत जाते, दोनदा घरघरते आणि समोर अक्षरं उमटतात, ‘नो डिस्क’. ठाण्यातल्या कितीतरी घरांनी हे पाहिलंय. उपायही ठरलेला: प्लेअर दुरुस्तीवाल्या काकांकडे द्यायचा. ते कापसाच्या काडीला स्पिरिट लावून लेन्स पुसतात आणि गाणं सुरू होतं.

डिस्कवरच्या बारीक धुळीचं एवढं बिघडत नाही. माहितीचा थर १.२ मिलिमीटर प्लास्टिकच्या पलीकडे असतो आणि लेझरचा किरण तिथं एकवटतो, त्यामुळे वरचा कण त्याला अंधुकच दिसतो. धूळ लेन्सवर बसली, की मात्र डिस्कवरून परत येणारा उजेडच कमी पडतो, आणि त्यावरूनच प्लेअर डिस्क वाचतो.

मग कुणी म्हणतं, प्लेअरमध्येच छोटा ब्रश बसवू, लेन्स आपोआप पुसली जाईल. याला पेटंट द्यायचं?

विरोधक म्हणणार, यात नवं काय? ब्रश लावलेली क्लीनिंग डिस्क बाजारात मिळते. व्हीसीआरमध्ये टेप वाचणारं हेड पुसायला रोलरही असायचा. दोन्ही एकत्र आणणं कुणालाही सुचेल.

भारतीय पेटंट कायदा हेच विचारतो: त्या विषयातल्या जाणकाराला ही युक्ती सहज सुचली असती का? १९७८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असाच वाद आला होता. भांडी लेथवर, म्हणजे वस्तू गोल फिरवणाऱ्या यंत्रावर, धरून ठेवायच्या पद्धतीचा. न्यायालयानं पेटंट रद्द ठरवलं. निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

कायद्यातला हा जाणकार काल्पनिक आहे. मला तो या टेबलापाशी दिसतो.

(काकांचे हात. बोटानं ढकललेला पिकअप, म्हणजे लेन्स धरणारा सरकता भाग.)

काका लेन्सला हळूच बोट लावतात. ती थरथरते, कारण बारीक तारांवर तरंगत असते. ब्रश जोरात घासला तर ओरखडा पडेल, तारा वाकतील. वेगळी मोटर लावली तर खर्च वाढेल. मग पिकअप आतबाहेर सरकतो, त्याच हालचालीवर काम साधायचं? पण डिस्क वाजताना ब्रश लेन्सच्या वाटेत यायला नको.

निव्वळ ‘ब्रश लावा’ एवढीच कल्पना असेल, तर मी विरोधकांच्या बाजूनं आहे. ही जागा आणि हा दाब ज्यानं शोधला, त्याचं म्हणणं मात्र नीट ऐकायला हवं. तेही त्याच्या अर्जाच्या तारखेला उभं राहून. उत्तर हातात आल्यावर कोडं सगळ्यांनाच सोपं वाटतं.

“ब्रश कुठं बसवाल?” आम्ही काकांना विचारतो.

ते बराच वेळ पिकअप पुढेमागे सरकवत राहतात.