ढगांच्या सावलीतलं पान

(दृश्य : सांतियागो, डॉमिनिकन रिपब्लिक. सिगार वळणारे हात.)

लाकडी पाटावर एक पान पसरलंय. रंग दुधाच्या चहासारखा. शिरा इतक्या बारीक, की बोट फिरवून शोधाव्या लागतात. कारागीर चावेता नावाच्या वक्र पात्यानं पानाची कड कापतो, ती पट्टी आतल्या तंबाखूवर तिरकी गुंडाळत नेतो आणि टोकाला डिंकानं इवलीशी टोपी चिकटवतो. सगळ्यात बाहेरचं हे पान म्हणजे रॅपर.

सौम्य सिगार म्हणजे पाणचट सिगार, असं बरेच जण मानतात. मला हे अजिबात पटत नाही. कडक सिगारमध्ये तंबाखूचे दोष तिखटपणाखाली झाकले जातात. सौम्य सिगारला ती सोय नाही. पान नीट मुरलं नसेल, तर पहिल्याच झुरक्याला अमोनियाचा दर्प नाकात जातो.

(दृश्य : तंबाखूचं झाड, शेंड्यापासून बुडापर्यंत.)

शेंड्याकडची पानं सगळ्यात जास्त ऊन खातात, म्हणून ती जाड आणि जहाल. त्यांना लिहेरो म्हणतात. मधलं सेको सुगंधाचं, खालचं वोलादो चांगलं जळणारं. सौम्य सिगारमध्ये लिहेरो नावापुरतंच घालतात. निपाणीच्या शिवारात विडीचा तंबाखू रणरणत्या उन्हात वाढताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना या रॅपरची शेती उलटीच वाटेल. इथे ऊन अडवायचं असतं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. शेतावर पांढऱ्या कापडाचे मांडव.)

अमेरिकेतल्या कनेटिकट नदीचं खोरं. सुमात्राहून येणाऱ्या पातळ, देखण्या पानापुढे इथल्या शेतकऱ्यांचा माल मागे पडू लागला होता. तेव्हा १९०० साली विंडसर गावात शेतावर कापडाचा मांडव घालून पाहिला. आत ऊन कमी आणि दमटपणा जास्त, त्यामुळे पान रुंद आणि पातळ झालं.

मांडवाखालचं काम मात्र घाम काढणारं. पानं खालून वर, थोडी थोडी करत हातानंच खुडायची. १९४४च्या उन्हाळ्यात सिम्सबरीच्या अशाच शेतांवर अटलांटाहून विद्यार्थ्यांची एक तुकडी कामाला आली होती. त्यात पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग होता. जवळच्या हार्टफर्ड शहरात आपल्यासारख्या काळ्या माणसालाही चांगल्या हॉटेलात बसून जेवता येतं, याचं नवल त्यानं आईला पत्रातून कळवलं. सौम्य सिगारच्या गोष्टीत हे पत्र मला फार मोलाचं वाटतं.

(दृश्य : इक्वेडोर. शेतांवर उतरलेलं आभाळ.)

कापड महाग, मजुरी त्याहून महाग. मग कनेटिकटचं बियाणं इक्वेडोरला गेलं. तिथे अँडीजच्या पायथ्याशी बराच काळ आभाळ भरलेलं असतं आणि ढगच मांडवाचं काम करतात. कापडाचा खर्च वाचतो. हातानं वळलेली, अखंड पानांची सिगार बेताच्या किमतीत मिळते, त्यामागे या ढगांचा मोठा वाटा आहे.

(दृश्य : टेबलावर एक सिगार, कटर, काड्यापेटी.)

आता चव. टोपीचा फक्त वरचा भाग कापायचा. खोल कापलं तर रॅपर उलगडतं. पेटवण्याआधी कोरडाच एक झुरका घ्यावा. वाळल्या गवताचा वास आला, आणि हवा सहज आत आली, की समजावं वळणी चांगली आहे. ज्योत टोकाला न टेकवता थोडी दूर धरून सिगार फिरवत राहायची, म्हणजे कड सगळीकडून सारखी धरते.

धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. त्यानं सिगार निरुपद्रवी होत नाही. निकोटिन तोंडातूनही शरीरात जातं आणि तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच.

सुरुवातीला साय, भाजलेले काजू, देवदाराचं लाकूड. थोडा धूर नाकावाटे सोडला, तर पांढऱ्या मिरीची हलकी झणझण. मिनिटाला एखादा झुरका पुरे. घाई केली की तंबाखू तापतो आणि साय जाऊन कडवटपणा येतो. रोबुस्तो नावाच्या आकाराची पाच इंची सिगार साधारण पाऊण ते एक तास चालते. बरोबर बिनसाखरेची कॉफी असावी. रिकाम्या पोटी मात्र सौम्य सिगारही गरगरवते, म्हणून जेवणानंतरच.

शेवटच्या दोन बोटांत धूर गरम लागू लागतो. तिथेच थांबावं. सिगार राखदाणीत आडवी ठेवली की आपली आपण विझते. चिरडली, तर उग्र वास खोलीत रेंगाळत राहतो.