जखमी सैनिकांची जुनी चित्रपानं: घेताना काय बघायचं, फ्रेम कशी करायची

राम राम मंडळी! पहिल्या महायुद्धात 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज', 'ग्राफिक', 'स्फिअर' या साप्ताहिकांत जखमी सैनिकांची पानभर चित्रं छापून यायची. 1914 ते 1916 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन राजवाड्यात जखमी भारतीय सैनिकांवर उपचार झाले. तिथलं चित्र दिसलं की आपला हात लगेच पाकिटाकडे जातो. थांबा, आधी पान उलटा.

(पान उलटं धरून) मागे त्याच अंकाचा मजकूर किंवा जाहिराती हव्यात. कोरी पाठ दिसली की संशय घ्या. पुरवणीची काही चित्रं मात्र एकाच बाजूला छापलेली असत.

आता दहापट भिंग लावा. महायुद्धाच्या काळातल्या छपाईत काळे ठिपके ओळीने बसलेले दिसतात, गडद जागी मोठे, उजळ जागी बारीक. रंगीत ठिपके विस्कटलेले दिसले, तर ती आजच्या प्रिंटरची नक्कल. क्रिमियन युद्धाचं, म्हणजे 1853 ते 56 मधलं पान असेल, तर ठिपके नसतातच. लाकडी ठोकळ्यावर कोरलेल्या रेषा असतात. मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे जोडत, त्या सांध्याची केसाएवढी पांढरी रेघ चित्रातून सरळ जाते. लोक तिला घडी समजून पान नाकारतात, खरं तर ती चांगली खूण आहे!

फ्रेमवाल्या दादांना पहिलं वाक्य हेच सांगा: कडा कापायच्या नाहीत. वरच्या कडेला साप्ताहिकाचं नाव, तारीख, पानक्रमांक असतो. तो गेला की पुरावा गेला. लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही. सेलोटेपचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो.

जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट कागद) दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि फक्त वरची कड मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा. चारही बाजू चिकटवल्या तर पावसाळ्यात फुगलेल्या कागदाला सरकायला जागा उरत नाही, लाटा येतात. काच कागदाला टेकू नये म्हणून ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घ्या. मागे प्लायवूड नको, त्याचं आम्ल कागदात उतरतं.

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. लाकडाच्या लगद्याचा कागद उष्णतेने लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो. त्यामुळे पश्चिमेची तापणारी भिंत टाळा. कूलरच्या झोतासमोरही फ्रेम लावू नका, ती ओली हवा फटींतून आत शिरते.