बारा रुपये पगार आणि डिपोटींची वही

श्रोतेहो, नमस्कार.

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं, पुण्यात लिहिलेलं एक निवेदन आहे. खाली सही जोतीराव गोविंदराव फुले यांची. सहीपुढे त्यांनी स्वतःची ओळख दिली आहे: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. महात्मा ही पदवी मिळायला अजून साडेपाच वर्षं होती. हे निवेदन गेलं हंटर कमिशनकडे. इंग्रज सरकारच्या शिक्षणखात्याचा कारभार नीट चालला आहे का, विशेषतः गावोगावच्या प्राथमिक शाळांचं काय, हे तपासायला विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली त्याच वर्षी ते नेमलं होतं.

या निवेदनातल्या दोन मागण्या आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही एक, आणि वरच्या वर्गांना शिकवलं की विद्या झिरपत खाली जाते हा भ्रम सोडा ही दुसरी. जयंतीच्या भाषणात दोन्ही येतात. आज मी बोलणार आहे ते त्यातल्या फारसं कुणी न वाचलेल्या भागाबद्दल. शाळा तपासायची कशी, परीक्षा घ्यायची कशासाठी, आणि परीक्षेच्या निकालावर शाळेचे पैसे ठरवायचे का, यावर तेव्हा मोठा वाद होता. फुल्यांनी त्यात घेतलेली बाजू जरा अनपेक्षित आहे.

आधी हा वाद आला कुठून ते सांगतो. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने नवे नियम आणले. शाळेला सरकारी मदत हवी, तर इन्स्पेक्टर येणार, एकेका पोराची परीक्षा घेणार आणि त्यावर रक्कम ठरणार. मूल शाळेत येतं म्हणून ४ शिलिंग. परीक्षेचे ८ शिलिंग. पण वाचन, लेखन, गणित यांपैकी एका विषयात ते नापास झालं की त्यातले २ शिलिंग ८ पेन्स कापले. किराणा दुकानाच्या उधारीइतका स्वच्छ हिशेब! याला नाव पडलं निकालानुसार अनुदान. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी पोटासाठी शाळा-इन्स्पेक्टरच होता, आणि त्याने सरकारला दिलेल्या अहवालातच लिहून ठेवलं, की चतुराईने तयारी करून घेतली तर मुलांना वाचता, लिहिता, हिशेब करता न येताही या परीक्षेत पास करून घेता येतं. स्वतःच्या खात्याविरुद्ध असं लिहिणारे अधिकारी तेव्हाही थोडे आणि आताही थोडेच.

इंग्लंडात जे निघायचं ते बोटीने वसाहतींत पोचायचं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात हीच पद्धत गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. वेस्ट इंडिजमध्ये जमैकात गेली. आणि आपल्या मुंबई इलाख्यात आली.

आता इलाख्यातली शाळा डोळ्यांसमोर आणा. सरकारी शाळा होत्याच. शिवाय देवळाच्या ओसरीवर नाहीतर कुणाच्या पडवीत भरणाऱ्या पंतोजींच्या शाळा. फुल्यांच्याच निवेदनात खात्याच्या अहवालावरून दिलेला आकडा आहे: अशा शाळा १,०४९ आणि त्यांत मुलं २७,६९४. तिथे इयत्ता नाही, वर्ष नाही. पोर आलं की धूळपाटीवर अक्षरं गिरवायला बसायचं. मग मोडी, आणि मग उजळणी: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पावापासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे. सतरा औटं किती, असं झोपेतून उठवून विचारलं तरी पोर साडेएकोणसाठ म्हणणार. बाजारात त्याला कुणी फसवू शकत नाही. पण खात्याच्या इयत्तांत बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीतलं क्रमिक पुस्तक होतं, भूगोल होता, व्याकरण होतं. वर्षातून एकदा डिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार, वहीत इयत्तेप्रमाणे पास-नापास मांडणार, आणि अनुदान घेणारी शाळा असेल तर पंतोजीच्या पदरात काय पडतं ते त्या वहीवर ठरणार.

पंतोजीच्या जागी बसून बघा. हुशार पोर म्हणजे हातातली रक्कम. कच्चं पोर म्हणजे रिकामा कागद. सुगीत महिनाभर कणसं खुडायला जाणारं पोर तर नकोच, कारण त्याच्यावर घालवलेला वेळ डिपोटीच्या वहीत उमटतच नाही. ज्या पोराला शिकवणं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत गरजेचं, नेमकं तेच या हिशेबात तोट्याचं ठरतं. पंतोजी वाईट असायचीही गरज नाही. त्याला पोट असलं म्हणजे पुरे.

सरकारची बाजूही ऐकून घेऊ, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. खजिन्यातून पैसा जातो, तर त्याचं झालं काय हे विचारायला नको का? हजेरीपटावर नुसती नावं मांडायला किती वेळ लागतो! आणि डिपोटी तरी किती? एकाच्या वाट्याला अर्धा जिल्हा, प्रवास तट्टावरून नाहीतर बैलगाडीने. तासा-दोन तासांत गाव उरकायचं तर निकालाचा आकडा हीच त्याला बरोबर नेता येणारी वस्तू. त्यात हा पैसा काही आकाशातून पडत नव्हता. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड नावाचा स्थानिक कर घेत, आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखलेला असे. म्हणजे पैसा कुणब्याचा. फुल्यांचा राग तोच होता, की पैसा कुणब्याचा आणि शाळेत मात्र कुणब्याचं पोर नाही.

मग फुले काय म्हणतात? निकालानुसार अनुदानाबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गरीब आणि अडाणी लोकांत शिक्षण न्यायला ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. त्यांच्यात अजून विद्येची गोडीच लागलेली नाही, तेव्हा अशा वस्तीत निकालाच्या भरवशावर शाळा काढायला कुठला शिक्षक धजेल? त्याचं पोट भरणार नाही. गोडी लागेपर्यंत तिथे सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत.

इथवर वाचलं की वाटतं, फुले परीक्षा-तपासणीच्या विरोधात असणार. थोडं पुढे वाचा. तिथे ते म्हणतात, शाळांवरची देखरेख फार अपुरी आणि सदोष आहे. डिपोटी वर्षातून एकदा येतो, त्याने काय होणार? निदान दर तीन महिन्यांनी तपासणी हवी, जमलं तर त्याहून जास्त वेळा. शिवाय अधूनमधून वर्दी न देता जा. गावकामगारांवर, म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांवर, आणि तालुक्याच्या अंमलदारांवर हे सोपवू नका. त्यांच्यामागे शंभर कामं, त्यांची परीक्षा वरवरचीच होणार. म्हणजे माणूस तपासणी वाढवा म्हणतो, अचानक करा म्हणतो, पण त्या वहीवर शिक्षकाची भाकरी ठेवू नका, हेही म्हणतो.

मला त्यांचं हे सगळ्यांत नेमकं वाटतं. शिक्षकाला किमान बारा रुपये पगार द्या, मोठ्या गावात पंधरा-वीस. तो पगार पक्का. त्याच्यावर, ज्याची बरीच मुलं पास होतील त्याला खास भत्ता द्या, हेही त्यांनी सुचवलं आहे. पगार पक्का असताना भत्ता मिळाला तर ते बक्षीस. पगारच निकालावर अवलंबून असला तर ती भीती. हा फरक खात्यातल्या शिकलेल्या साहेबांना दिसत नव्हता आणि भाजीपाला-फुलांच्या धंद्यातून वर आलेल्या, स्वतः शाळा चालवलेल्या माणसाला दिसत होता. शिक्षक कसा हवा हेही त्यांनी सांगितलं आहे: वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. परीक्षेचं त्यांना वावडं नव्हतंच. १८५०च्या दशकात त्यांच्या मुलींच्या शाळांच्या परीक्षा पुण्यात जाहीर होत आणि त्या बघायला माणसं लोटत. शहराला दाखवायचंच होतं, की मुली शिकतात.

मुलींवरून आठवलं. याच कमिशनपुढे पुण्यात पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. वय चोवीस, वैधव्य येऊन काही महिने झालेले. त्या बोलल्या मराठीतून. स्त्री-डॉक्टर हव्यात ही त्यांची मागणी सगळ्यांना माहीत आहे; मुलींच्या शाळा तपासायला बाया हव्यात, असंही त्या म्हणाल्या. कारणं अशी बिनतोड की ऐकत राहावं. पुरुष इन्स्पेक्टर वर्गात आला की मुली आणि बाई, सगळ्या घाबरतात. तोंडातून शब्द फुटत नाही. साहेब ते बघून शाळा वाईट असा शेरा लिहितात. मग सरकार म्हणतं, बाईंना जमत नाही, पुरुष मास्तर नेमा. झालं, शाळेतली बाई गेली! आणि पुढे त्या म्हणतात, या देशातले शंभरातले नव्याण्णव शिकलेले पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत. बाईची तीळभर चूक दिसली की राईचा पर्वत करतात. समोर बसलेले सगळे शिकलेले पुरुषच होते, हे लक्षात घ्या.

फुल्यांनी विचारलं, वहीतल्या आकड्याचं काय करता? रमाबाईंनी त्याच्या मागचं विचारलं, की आकडा लिहिणारा वर्गात आल्यामुळेच तो बदलला तर? मुलीला धडा येत होता. साहेब आल्यावर येईनासा झाला. मोजमापाबद्दल याहून मूलगामी शंका त्या काळच्या खात्याच्या कागदांत मी वाचलेली नाही.

कमिशनने काय केलं? त्यात आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग, मुंबईचे नामवंत वकील, हेही सभासद होते. अहवाल १८८३ साली आला. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-तपासनीस आवश्यक, हे मान्य झालं, निदान कागदावर. निकालानुसार अनुदानाचं मात्र गंमतशीर झालं. कॉलेजांना ही पद्धत लावू नका, असं ठरलं. प्राथमिक शाळांची मदत मात्र बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरवा, मागासलेल्या भागांत वाटलं तर अपवाद करा, अशी शिफारस झाली. म्हणजे जिथे मुलं शिकूनसवरून आलेली, तिथे विश्वास. आणि जिथे बाप पहिल्यांदाच पोराला उंबऱ्याबाहेर पाठवतो आहे, तिथे पै-पैचा हिशेब. फुल्यांचा आक्षेप अपवादाच्या कलमात जाऊन बसला. नियम होता तोच राहिला.

तो पुढे वीस वर्षं राहिला. इंग्लंडात ही पद्धत १८९०च्या दशकात मोडीत निघाली. इथे ११ मार्च १९०४ च्या ठरावात लॉर्ड कर्झनच्या सरकारने ती सोडल्याचं जाहीर केलं. कारणं जवळपास तीच, जी पेठ जुना गंजच्या म्युनिसिपल कमिशनरांनी बावीस वर्षांपूर्वी फुकटात सांगितली होती. ठरावात त्यांचं नाव शोधू नका.

फुल्यांचं हे निवेदन राज्य सरकारने छापलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. मोजकी पानं आहेत, अर्ध्या तासात होतील. आमच्या श्रोत्यांत शिक्षक पुष्कळ आहेत, आणि केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारीही असतील. तुम्ही वाचायला घ्याल तेव्हा सक्तीच्या शिक्षणाचा भाग आधी माहीत असेलच. तो मागाहून वाचा. आधी तीमाही तपासणीचा परिच्छेद काढा. आणि मग वर्दी न देता जाण्याबद्दल तुमचं काय मत आहे, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. नमस्कार.